पाटाखालची फाइल

माझा भाऊ तोताराम. त्याला विचारा, आज वार कोणता, तर तो आधी शेजारच्या माणसाकडं बघेल. थट्टा करत नाही मी. बावन्न वर्षं त्याची थोरली बहीण म्हणून काढलीत, म्हणून सांगते.

एकदा धुळ्याला माझ्याकडं आला तो पंखा घ्यायला. उन्हाळा असा की भिंतीला हात लावला तर भाजावं. तीन दुकानं फिरला, प्रत्येक दुकानदाराला दुसऱ्या दुकानाच्या पंख्याबद्दल विचारलं, बसस्टँडवर एका अनोळखी म्हाताऱ्याचाही सल्ला घेतला आणि संध्याकाळी हात हलवत परत गेला. जाताना म्हणाला, "अक्का, घरी जाईसन जरा इचारी दखू." इचारी दखू. विचारून बघतो. हे त्याचं आयुष्यभराचं वाक्य. बैल घ्यायचा तर अकरा जणांना विचारणार. कपाशी की बाजरी, विचारून बघतो. त्याची बायको, आमची बेबाबाई, अजून सांगते की तिला बघायला आला तेव्हा पोहे खाऊन झाल्यावर त्यानं हळूच तिलाच विचारलं होतं, "कसं करू?" ती म्हणाली, करून टाका. म्हणून लग्न झालं, नाहीतर आजही विचारत फिरला असता.

बाकी माणूस वाईट नाही. शिंदखेडा तालुक्यात बुराई नदीच्या काठी आमचं गाव, तिथं चौदा एकर कोरडवाहू शेती. कुणाशी भांडण नाही, दारू नाही, पत्ते नाहीत. बायकोवर कधी आवाज चढवला नाही. पण मला विचाराल तर, आवाज चढवणारा माणूस निदान काहीतरी ठरवून चढवतो. ह्याच्याशी बोलताना डोकं भिंतीवर आपटावंसं वाटायचं.

तर ही गोष्ट ब्याण्णव सालची. तोतारामची एकुलती एक मुलगी कोकिळा बारावी सायन्सला शिंदखेड्यात पहिली आली. फिजिक्स, केमिस्ट्री, गणित मिळून तीनशेपैकी दोनशे बहात्तर. आमच्या भाऊबंदात तोवर माझ्याशिवाय मुलगी दहावीपुढं गेली नव्हती. मी गेले होते अकरावीपर्यंत, आणि पुढं मला मास्तरीण केलं, कारण मास्तरणीला स्थळ बरं मिळतं म्हणे. मला काय व्हायचं होतं ते कुणी विचारलं नाही. असो. मी धुळ्याच्या प्राथमिक शाळेत पंचवीस वर्षं पाढे म्हणून घेतले. कोकिळेचा निकाल कळला त्या दिवशी मी वर्गातच रडले, पोरं बघत राहिली. मनात म्हटलं, आपल्या घरात इंजिनिअर होणार, आणि ती पोरगी असणार.

जुलैत तोताराम कोकिळेच्या फॉर्मांसाठी माझ्याकडं आला. दोन फॉर्म होते. एक जळगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा, एक धुळ्याच्या आर्ट्स कॉलेजचा. मी म्हटलं, हा दुसरा कशाला? म्हणाला, "असू दे, अक्का. जळगावला आता आपलं विद्यापीठ झालंय ना. दोन्ही कॉलेजं त्याच विद्यापीठात. पुढं बदलायचं म्हटलं तर..."

मी कपाळाला हात लावला. "अरे बाबा, बीए मधून इंजिनिअरिंगला जाणं म्हणजे नरडाण्याला बस बदलणं आहे का? एकदा बसली की बसली."

तो चहाची बशी फिरवत बसला. मग म्हणाला, "अक्का, इंजिनिअरिंगच का पण?"

"मार्क पडलेत म्हणून."

"ते झालंच. पण तिच्या..."

"तिच्या काय? सतरा वर्षांची पोर ती. विषय संपला, तोताराम. सही कर."

त्यानं सही केली. दोन्हींवर केली. पत्ता माझा टाकला, कारण गावात टपाल दोन-दोन दिवस पोस्टातच पडून राहायचं.

आणि मग त्याची ती विचारपूस सुरू झाली. गावात शिंप्याला विचारलं, शिंदखेड्याच्या बसमधल्या कंडक्टरला विचारलं, दोंडाईच्याच्या डॉक्टरला पोटदुखी सांगायला गेला आणि पोरीच्या ॲडमिशनचं विचारून आला. पिंपळनेरच्या साडूला पत्र टाकलं. मला कुणाकुणाकडून हे कळायचं आणि अंगाचा तिळपापड व्हायचा. कुणी म्हणायचं, पोरीला इंजिनिअर कशाला करतो, जावई इंजिनिअर बघ. कुणी म्हणायचं, आर्ट्सला टाक, फी नाही का काही नाही, दोन वर्षांत लग्न होऊन जाईल. कुणी माझ्यासारखं म्हणायचं, एवढे मार्क पडले आणि आर्ट्स? लोक हसतील. बेबाबाई मला म्हणाली होती, "प्रत्येकाचं ऐकून येतात आणि तोंड पाडून बसतात." मी म्हटलं, पाडेल नाहीतर काय, डोक्यात चाळीस जणांचा बाजार भरलाय.

ऑगस्टमध्ये जळगावचं पत्र माझ्या पत्त्यावर आलं. कोकिळेचं नाव यादीत होतं. सोमवारी सकाळी अकरा वाजता मूळ कागदपत्रं घेऊन हजर व्हायचं. शाळा सोडल्याचा मूळ दाखला, मूळ मार्कशीट. आला नाहीत तर जागा पुढच्या मुलाला. दाखला मूळ एकच असतो आणि तो ज्या कॉलेजात जमा होतो तिथं माणूस अडकतो, हे आमच्यासारख्या शाळेतल्या लोकांना सांगायला नको. धुळ्याच्या आर्ट्सचंही पत्र होतं, पण तिथं बुधवारपर्यंत मुदत होती.

मी गुरुवारी शाळा बुडवून गावी गेले. दोन्ही पत्रं आणि माझी एक निळी फाइल तोतारामच्या हातात दिली. म्हटलं, "दाखला, मार्कशीट आणि ही पत्रं, ह्या फाइलीत ठेव. रविवारी संध्याकाळी मी येते. सोमवारी सकाळी सातला आपण निघायचं, अमळनेरवरून जळगाव तीन तास धर. जीप मी सांगते." तो हो म्हणाला. शाळेतल्या पोराला सांगावं तसं तीन वेळा म्हणून घेतलं त्याच्याकडून. कोकिळा तिथंच उभी होती, पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत. मला वाटलं, लाजतेय.

आता ह्यात एक गोष्ट मी विसरले. माहेरची असून विसरले, त्याचा राग मला माझाच आला. तो रविवार कानबाईचा होता.

बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी आमच्याकडं कानबाई बसते. नारळाला नथ, डोळे, दागिने घालून देवी करतात, पाटावर बसवतात, रात्रभर गाणी होतात आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर नेऊन बोळवतात. अख्खी भाऊबंदी त्या दिवशी एका घरात. रोटाचा, म्हणजे प्रसादाच्या जाड पोळ्यांचा, स्वयंपाक असतो, त्यासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू मोजून घेतात. लेकीच्या नावाचे गहू नसतात. ती परक्या घरची होणार. माझ्यासारख्या सासरी गेलेल्या लेकीला तर तो रोट खायलाही चालत नाही, माझं ताट वेगळं. आणि एकदा कानबाई बसली की सोमवारी उठेपर्यंत तिच्या पाटाला हात लावायचा नाही. म्हणजे नाही.

त्या वर्षी कानबाई तोतारामच्या घरी होती. मी रविवारी दिवेलागणीला पोचले, चपला काढल्या आणि पहिलं विचारलं, फाइल कुठं आहे. बेबाबाईनं पदर तोंडाला लावला. तोतारामनं ओसरीतून आत बोट दाखवलं.

कानबाई बसली होती. पाटाच्या खालून माझ्या त्या निळ्या फाइलीचा कोपरा दिसत होता.

"तिच्या पायाशी ठेवली," तो म्हणाला. "आशीर्वाद मिळेल पोरीला."

"तोताराम, सकाळी सातला निघायचंय."

"हो ना."

"कानबाई कधी उठते?"

तो माझ्याकडं बघेना. कानबाई कधी उठते हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. बँडवाले आठला येतात, नऊला वाजवतात, माणसं घराघरापुढं नाचतात, नदीवर पोचायला बारा. सोमवारी बारा वाजता ती फाइल हातात आली तर तिचा उपयोग चूल पेटवायला. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की धुळ्याच्या आर्ट्सची मुदत बुधवारची आहे. जळगावची तेवढी जाते. धुळ्याची राहते.

तोवर मला वाटत होतं माझा भाऊ भोळा आहे. त्या क्षणी वाटलं, हा लबाड आहे. ठरवायची हिंमत नाही म्हणून देवीच्या पाटाखाली लपलाय. लोकांचं ऐकून पोरीला आर्ट्सला घालणार, दोन वर्षांत उजवणार, आणि म्हणणार, कानबाईची इच्छा. मी त्याला ओसरीवर सगळ्यांदेखत बोलले. काय काय बोलले ते आता लिहायची लाज वाटते. तो खाली मान घालून ऐकत राहिला, आणि ते मला जास्त झोंबलं. भांडला असता तर बरं झालं असतं.

"काढ ती फाइल," मी म्हटलं.

आमचा चुलतभाऊ अभिमन मधे आला. त्याचा आवाज मोठा, म्हणून भाऊबंदीत त्याचं चालतं. "प्रमिलाबाई, तुम्ही पाहुण्या. कानबाई उठल्याशिवाय पाटाखाली कोणाचा हात जाणार नाही. ज्याच्या नावाचे गहू रोटात आहेत त्यानं हात घातला तर अख्ख्या घराला लागेल." बाकीच्यांनी माना हलवल्या. मी म्हटलं, मग मी काढते. तर म्हणे, तुम्ही परक्या कुळाच्या, तुमचा तर प्रश्नच नाही. घरचा असेल तर दोष, परका असेल तर बंदी. मला हसावं की रडावं कळेना. कोकिळा दारामागं उभी राहून सगळं ऐकत होती. मी तिला जवळ घेतलं, म्हटलं, घाबरू नकोस, मी आहे.

पहाटे सहाला लीलाधर जीप घेऊन आला. लीलाधर आमच्या भाऊबंदातला नाही, म्हणून त्या सकाळी तो मोकळा तरी होता. तो हॉर्न वाजवून बाहेर बिडी ओढत बसला. साडेसहा झाले, पावणेसात झाले. बायका शेवटचं गाणं म्हणत होत्या. मी आत-बाहेर करत होते आणि प्रत्येक फेरीत तोतारामकडं बघत होते. तो फुलांच्या माळा नीट करत होता, शांतपणे. मला वाटलं, ह्या माळा ओढून तोडाव्यात.

शेवटी मी झुंबरकाकूकडं गेले. झुंबरकाकू म्हणजे आमच्या भाऊबंदातली सगळ्यात थोरली बाई, ऐंशीच्या पुढची. कानबाईचे नारळ तिच्या हातानंच बसतात, तिच्यापुढं अभिमनचाही आवाज बारीक होतो. कमी ऐकू येतं असं सगळे म्हणतात, मला ते कधी पटलं नाही. मी तिच्या कानाशी सगळं सांगितलं. जागा, दाखला, अकरा वाजता, सगळं. तिनं दात नसलेल्या हिरड्या चावत विचार केला आणि मग अभिमनला हाक मारली.

"रोटमा पोरना नावना गहू शेतस का?"

अभिमन गडबडला. पोरीच्या नावाचे गहू कुठून असणार? म्हणाला, "नहीत, काकू."

"मंग तिले कसानं बंधन? काढू दे तिले."

सगळे एकमेकांकडं बघू लागले. ज्याच्या नावाचे गहू, त्याला बंधन. कोकिळेच्या नावाचे नाहीत. आणि ती परक्या कुळाची तरी कुठं झालीय अजून. ह्याच घरात जन्मली, ह्याच घरात आहे. लेकीला मोजत नाहीत ह्याचा मला आयुष्यभर संताप होता. त्या दिवशी पहिल्यांदा ते कामाला आलं, आणि संताप कुठं ठेवावा ते कळेना.

कोकिळा पुढं आली. कानबाईला नमस्कार केला, पाट तसूभर न हलवता खालून फाइल ओढून घेतली. सात वाजायला पाच मिनिटं होती. मी चप्पल घातली, म्हटलं, चल, बस जीपमध्ये.

ती हलली नाही. फाइल उघडली, त्यातलं जळगावचं पत्र काढलं आणि माझ्या हातात दिलं. दाखला आणि मार्कशीट छातीशी धरली.

"फुई," ती म्हणाली. आमच्याकडं आत्याला फुई म्हणतात. "मला जळगावला नाही जायचं."

मला वाटलं, लोकांनी घाबरवलंय तिला. मी म्हटलं, "अगं, मी आहे ना सोबत. हॉस्टेल बघू, सगळं बघू. बस आधी."

"घाबरले नाही मी. मला इंजिनिअर व्हायचंच नाही."

मी अक्षरशः ओरडले तिच्यावर. दोनशे बहात्तर मार्क, म्हटलं, लोक मागतात देवाजवळ, आणि तू लाथ मारतेस. तुझ्यासाठी मी रात्रभर जागले, गावादेखत भावाशी भांडले. ती रडायला लागली, पण दाखला सोडला नाही. तेव्हा झुंबरकाकू खांबाला धरून उठली.

"बठ्ठा बोली ऱ्हायनात," ती म्हणाली, म्हणजे सगळेच बोलताहेत, "पोरले कोनी इचारं का? पोरी, तुले काय जोयजे?"

कोकिळेनं डोळे पुसले. "भूगोल. धुळ्याच्या कॉलेजात. आपली बुराई पावसाळा सरला की कोरडी पडते, पलीकडं तापीला बारा महिने पाणी. ते का, जमिनीखाली काय आहे, मला ते शिकायचंय. निकाल लागला त्या दिवशीच आबांना सांगितलं मी."

मी तोतारामकडं वळले. "तुला माहीत होतं?"

त्यानं मान हलवली.

"मग बोलला का नाहीस? चाळीस जणांना विचारत काय फिरलास?"

तो माळ हातात तशीच धरून उभा होता. "अक्का, एवढे मार्क पडलेल्या पोरीला आर्ट्सला घालतो म्हटलं असतं तर सगळ्यांनी मला वेड्यात काढलं असतं. मला वाटलं, कोणीतरी एक जण तरी म्हणेल, पोरीला विचार. मग मी सांगितलं असतं, विचारलंय. एकानंही म्हटलं नाही. सगळ्यात आधी तुलेच इचारं होतं, अक्का."

चहाची बशी आठवली मला. पण तिच्या... तो म्हणाला होता. तिच्या काय, मी म्हणाले होते. विषय संपला.

मी ओसरीच्या पायरीवर बसले. मला आजही वाटतं की इंजिनिअरिंगच घ्यायला हवं होतं, हे मी लपवत नाही. ती जागा कुठल्या तरी पोराला गेली असेल आणि तो आज कुठं साहेब असेल, हे आठवलं की जीव चरफडतो. पण त्या पायरीवर बसल्या बसल्या मला माझी अकरावीही आठवली. तेव्हाही घरातले सगळे माझ्या भल्यासाठीच ओरडत होते.

बाहेर लीलाधरनं विचारलं, "काय ठरलं? जळगाव की नाही?"

सवयीनं सगळ्यांनी तोतारामकडं बघितलं, आता हा कुणाला तरी विचारणार म्हणून. अभिमननं तोंड उघडलंही होतं. तोतारामनं माळ कानबाईपुढं ठेवली, बाहेर गेला आणि जीपच्या बोनेटवर हात ठेवून म्हणाला, "धुळे. बुधवारपर्यंत थांबायचं नाही, आजच दाखला भरून टाका." मग माझ्याकडं वळून, "मला कानबाई सोडून येता येत नाही, माझ्या नावाचे गहू आहेत. अक्का, तू जा तिच्यासंगे. तुझ्याच घरी राहायचंय तिला." त्यानं मला विचारलं नाही, सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा. मला इतका राग आला आणि इतकं बरं वाटलं की मी सरळ जीपमध्ये जाऊन बसले.

बेबाबाईनं कोकिळेच्या हातात डबा दिला, माझ्यासाठी वेगळ्या पिठाची भाकरी. जीप नदी उतरून पलीकडं लागली तेव्हा बँडवाले समोरून गावाकडं येत होते. कोकिळा फाइल मांडीवर घेऊन बाहेर बघत होती. मी विचारलं, "भूगोलच का गं पण?"

ती आधी बिचकली. मग हळूहळू बोलायला लागली. काळी जमीन, खडक, नदी कुठून येते, पाणी कुठं जातं, शिंदखेड्याच्या शाळेतला फाटका नकाशा, काय काय. मला अर्धं कळलं नाही. धुळं येईपर्यंत ती बोलत होती, आणि मी मधे बोलले नाही.